रायवळ : सह्याद्रीच्या राईतली काल्पनिक लढवय्यी जमात. शरीर, खाणं, लढाई पटते का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दीर्घ कथेसाठी एक जमात रचायला घेतली आहे. जागा आंबोली ते तिळारी हा घाटाचा पट्टा, काळ शिलाहारांचा, म्हणजे ११वं शतक धरा. राईत राहतात म्हणून नाव रायवळ. आत्ताचा आराखडा असा:

पुरुष सात फूट उंच, रुंद छातीचे. डोळे हिरवट, अंधारात लख्ख दिसतं. घरं झाडांवर, ऐंशी-शंभर फुटांवर. खाणं म्हणजे शिकारीचं मांस, मध आणि काजू. प्रत्येकाकडे तलवार आणि शिंग-स्नायूंचं जोडधनुष्य. बाण विषारी, लागला की माणूस जागच्या जागी खलास. सोळाव्या वर्षी प्रत्येक मुलगा योद्धा होतो आणि खालच्या गावांशी बारमाही युद्ध चालू असतं. एकूण वस्ती चार हजार.

जादू घालायची नाही असं ठरवलं आहे. जे असेल ते या मातीत, या पावसात शक्य असायला हवं. तेव्हा कुठे कुठे फसतंय ते मोकळेपणाने सांगा.

---

शेकरू

नाव झकास आहे. फक्त कोकणातला वाचक रायवळ म्हटलं की आधी आंबा चोखायला बसेल. :)

काजू मात्र आजच काढा. तो पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात आला. मिरची, मका, बटाटा, अननस, पपई, तंबाखू हेही सगळं त्यानंतरचं. तुमच्या लोकांना तिखटाला मिरीच मिळणार, आणि ती त्या पट्ट्यात रानातच मिळते.

---

काजवा

उंचीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं पुष्कळसं तिच्यावर अवलंबून आहे.

घाटाखालच्या दाट रानात हवा दमट आणि साचलेली. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड करायचा मुख्य मार्गच अर्धा बंद. अशा जागी शरीरात कमी उष्णता तयार होणं हाच उपाय उरतो, आणि ती वजनाप्रमाणे वाढते. शिवाय वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ लहान शरीराला जास्त मिळतं. सात फुटी, ११० किलोचा माणूस चढणीवर धावला तर शत्रूच्या आधी उकाडाच त्याला आडवा करेल.

आता पोटाचा हिशेब. १५० सेंटिमीटर उंच आणि ४५ किलो वजनाच्या कष्टकरी माणसाला दिवसाला अडीच हजार कॅलरी पुरतात. तुमच्या सात फुट्याला साडेचार हजारांहून जास्त लागतील. रानकंदांत मोजायचं तर एकाला दोन-सव्वादोन किलो, दुसऱ्याला जवळजवळ चार. तेही रोज, भर पावसातसुद्धा.

मध्य आफ्रिका, मलाया, फिलिपाइन्स, अंदमान अशा एकमेकांपासून लांबच्या पर्जन्यवनांत माणसं स्वतंत्रपणे बुटकी झाली आहेत. पुरुषांची सरासरी १५५ सेंटिमीटरच्या आत. कारणांबद्दल मतं वेगळी आहेत: कोणी उष्णता म्हणतं, कोणी अन्नाची टंचाई, कोणी दाट झाडीतून वाट काढण्याची सोय. एक मत असंही आहे की जिथे मृत्यू लवकर येतो तिथे वाढ लवकर थांबवून मुलं लवकर होऊ देणं फायद्याचं ठरतं. हे शेवटचं मत लढवय्या जमातीला फार चपखल बसतं.

माझी सूचना: पुरुष पाच फुटांचे, सडपातळ, मांड्या आणि पोटऱ्या घट्ट. झाडावर चढण्यासाठी वेगळी हाडं देऊ नका. युगांडातल्या मध काढणाऱ्या त्वा लोकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. चढताना त्यांचं पाऊल नडगीकडे ४५ अंशांहून जास्त वळतं. आपला घोटा तेवढा वळवला तर इजाच व्हायची. त्यांच्या घोट्याचं हाड मात्र आपल्यासारखंच आहे. पोटरीच्या स्नायूतले तंतू लांब आहेत, आणि ते लहानपणापासूनच्या चढण्यामुळे. म्हणजे तुमच्या रायवळ पोरांना पाचव्या-सहाव्या वर्षी झाडावर घालायला हवं. सोळाव्या वर्षाचा विधी ही त्या चढण्याची शेवटची परीक्षा होऊ शकते.

---

बोरूबहाद्दर

काजवा, माहिती उत्तम, पण पाच फुटी नायक कोण वाचणार हो? लढवय्या म्हटला की वाचकाला डोळ्यांपुढे धिप्पाड माणूस लागतो. थोडी सूट द्या की.

---

तीरकमठा

@बोरूबहाद्दर, असहमत. कारवीच्या गचपणात पंधरा-वीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. तिथे धिप्पाडपणा म्हणजे जास्त फांद्या मोडणं, जास्त आवाज आणि मोठं लक्ष्य. वाचकाला भीती वाटायला हवी ती न दिसणाऱ्या माणसाची.

आता धनुष्य. शिंग-स्नायूंचं जोडधनुष्य हे कोरड्या मुलखाचं हत्यार. त्याचे थर सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस ओल शोषतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ संपायच्या आत थर सुटायला लागतील. तुमच्या लोकांकडे हवा साधा बांबूचा कामठा, भिल्लांकडे असतो तसा.

बांबू तीन ते चार वर्षांचा घ्यायचा. कोवळा असला तर वाकतो पण परत येत नाही, फार जून झाला तर चिरतो. तोड पाऊस संपल्यावर, कार्तिक ते माघ. पावसाळ्यात कोंब वाढत असताना तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, त्याला भुंगा लागतो आणि वर्षभरात पीठ पडायला लागतं. तोडलेले तुकडे दोन-तीन आठवडे वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे, मग सावलीत वाळवून चुलीवरच्या माळ्यावर धुरात टाकायचे. दोन-तीन महिने धूर खाल्लेला बांबू वर्षानुवर्षं टिकतो.

घडवताना बांबूची साल शत्रूकडे ठेवायची आणि पोटाकडची बाजू तासायची. ताकदीचे धागे सालीलगत दाट असतात, आणि ताण त्याच बाजूला येतो. साल खरवडली गेली की धनुष्य तिथेच फुटतं. लांबी साडेचार ते पाच फूट. पाच फुटी माणसाला अठरा-वीस किलो ओढीचं धनुष्य दिवसभर चालवता येतं. वीस पावलांवर त्याहून जास्त ओढ लागत नाही.

बाण बोरूचा किंवा देवनळाचा. पिसं भिजली की चपटी होतात आणि बाण भरकटतो, म्हणून पावसाळी बाणाला माडाच्या पातीची पानं बांधावीत. रानात खरा घात होतो तो मधल्या काटकीमुळे. करंगळीएवढी काटकी आडवी आली तरी बाण हातभर बाजूला जातो. त्यामुळे रायवळांची लढाई म्हणजे आधी ठरवून साफ केलेल्या झरोक्यांतून मारलेले बाण. वाटेच्या वळणावर गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन-तीन झरोके छाटून ठेवायचे, दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा छाटायचे. अनोळखी माणसाला ते दिसणारही नाहीत.

---

गवतफूल

दोरीचं काय? स्नायूची दोरी तर ओल्याने सैल पडेल. घायपाताचा वाख चालेल का?

---

शेकरू

घायपातही अमेरिकेतलं, काजूच्याच वाटेने गेलं. :)

---

तीरकमठा

बरोबर. केवणीची साल घ्या, तीच मुरुडशेंगेची. किंवा अंबाडी. साल दहा-बारा दिवस पाण्यात कुजवायची, झोडून धागे सोडवायचे, दोन पदरी पीळ द्यायचा आणि वरून पोळ्याचं मेण घासायचं. मेण विसरलं की पावसात दोरी फुगते आणि खाच सोडते. पळसाच्या मुळांचाही वाख निघतो, पण पळस घाटाच्या कोरड्या अंगाला. भिल्ल बांबूच्याच चिपेची दोरी करतात, तीही चालेल.

---

नाचणी

मूळ आराखड्यातली सर्वांत मोठी चूक ‘फक्त मांस आणि मध’ ही आहे.

रानातलं जनावर लोण्याचा गोळा नसतं. भेकर, पिसोरी, सांबर यांचं मांस कोरडं, चरबी जेमतेम. माणसाच्या यकृताला प्रथिनांचा भार एका मर्यादेपर्यंतच पेलतो. एकूण उष्मांकांपैकी साधारण एक तृतीयांशाच्या वर प्रथिनं गेली की मळमळ, हगवण, अशक्तपणा सुरू होतो. पोट भरलेलं असूनही माणूस खंगतो. रानडुक्कर त्यातल्या त्यात बरं, पण चार हजार माणसांना किती डुकरं पुरणार?

त्यांना पिष्ट हवं. त्या पट्ट्यात ते मिळतं, पण फुकट मिळत नाही.

कडूकंद: पातळ काप करायचे, राख घालून उकळायचे, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. एवढं करूनही कडू लागला तर पुन्हा. घाईघाईने खाल्ला की ओकाऱ्या. छापा घालायला निघालेल्या टोळीला हा कंद वाटेत उपयोगाचा नाही, कारण तयार व्हायला दीड दिवस लागतो. कथेत हे वापरा.

भेरली माड: याच्या खोडातला गाभा पिष्टाने भरलेला असतो. हे झाड आयुष्यात एकदाच फुलायला लागतं, वरून खाली एकेक घोस काढत जातं आणि मरतं. फुलायला लागलं की पिष्ट घोसांत जातं. म्हणून पहिला घोस दिसायच्या बेताला तोडायचं. खोड चिरून गाभा कुटायचा, पाण्यात कोळून गाळायचा, तळाशी बसलेलं पीठ वाळवायचं. चुकून दोन वर्षं उशीर झाला तर हाती नुसता भुसा लागतो. कोणता माड कोणत्या वर्षी तोडायचा याची तोंडी मोजदाद ठेवणाऱ्या म्हाताऱ्या बाया जमातीत असल्या पाहिजेत, आणि त्यांचा शब्द सेनापतीच्या वर चालला पाहिजे.

शेवळं, रानसुरण: खाज असतेच. शेवळाला काकडाची फळं, सुरणाला कोकम. आंबटाशिवाय शिजवलं तर घसा धरतो.

मोह मात्र देऊ नका. तो पानझडीच्या रानाचा, त्या ओल्या पट्ट्यात नाही.

आता वस्ती. आंबोली ते तिळारी पट्टा चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा रुंद धरला तर सहाशे चौरस किलोमीटर होतात. नुसत्या शिकारीवर आणि कंदांवर पर्जन्यवनात दर पाच चौरस किलोमीटरला एक माणूस धरा. म्हणजे एकूण सव्वाशे. चार हजार हवे असतील तर कुमरी करावीच लागेल: उतारावरचं रान तोडायचं, वाळवायचं, पावसाआधी जाळायचं आणि राखेत नाचणी-वरी टाकायची. हेक्टरी पाचशे किलो पीक धरा, माणशी वर्षाला दोनशे किलो. एक वर्ष पीक आणि अकरा वर्षं पडीक. माणशी पावणेपाच-पाच हेक्टर जमीन फिरती ठेवावी लागेल. चार हजारांना जवळपास दोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे पट्ट्याचा तिसरा हिस्सा. जमतं, पण सैल नाही.

---

काजवा

नाचणी, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. पडीक अकराऐवजी पाच वर्षांवर आली की काय होतं तेही लिहा ना.

---

नाचणी

तण वाढतं, राख कमी पडते, धूप होते, पीक अर्ध्यावर येतं. मग पुन्हा जास्त रान तोडावं लागतं. एकदा हे चक्र लागलं की दोन पिढ्यांत डोंगर उघडा पडतो.

---

वैद्यबोध

तब्येतीच्या बाजूने तीन गोष्टी.

पहिली, हिवताप. इतक्या पिढ्या त्या पट्ट्यात राहिलेल्या लोकांच्या रक्तात त्याची खूण असणारच. भारतात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) प्रथम १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. महाराष्ट्रात तो भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत आढळतो. हे जनुक एका पालकाकडून आलं तर जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, दोन्हीकडून आलं तर आजार. जनुकाचं प्रमाण दहा टक्के धरलं तर शंभरात अठरा वाहक आणि एक आजारी. चार हजारांत चाळीस जन्म दुखणं घेऊन आलेले, आणि त्या काळात त्यांतले बहुतेक लहानपणीच जाणार. वाहक एरवी धडधाकट असतो, पण पाणी न पिता टोकाची धावपळ केली तर त्याच्याही पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि तो कोसळू शकतो. म्हणून चढाईच्या वाटेवर दर टप्प्याला पाणी पिण्याची सक्ती ही रायवळांची युद्धनीतीच असू द्या. कारण त्यांना ठाऊक नसेल. ‘डोंगराला पाणी दाखवल्याशिवाय वर जायचं नाही’ असा नेम असेल.

दुसरी, माकडताप. विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे बरोबर तुमच्या पट्ट्यात, त्याची साथ आली. गोचिडीतून पसरतो. वानर आणि लालतोंडी माकडं मरतात, मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पडतात आणि ती जागा धोक्याची होते. मोसम थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. यावरून एक कडक पाळणूक येते: माकड मेलेलं दिसलं की त्या राईला गवताची दोरी बांधायची आणि पाऊस पडेपर्यंत आत पाऊल नाही. शत्रूला ही खूण कळत नाही. तो त्या मोकळ्या राईत तळ ठोकतो.

तिसरी, विष. ‘जागच्या जागी खलास’ हे काढा. त्या रानात चांदकुडा आहे, त्याच झाडाचा चीक आग्नेय आशियात बाणांना लावत आले आहेत. तो हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतो. रक्तात उतरायला वेळ लागतो, जनावर शे-दोनशे पावलं पळून मग पडतं. माणूसही तेवढा वेळ लढू शकतो आणि त्या वेळात मारूही शकतो. त्यामुळे बाण मारून लगेच मागे सरकायचं, भिडायचं नाही. पावसात विष धुऊन जातं, म्हणून टोकावर पानाचं टोपण. आपल्याच माणसाला भात्यातल्या टोकाने ओरखडा जाणं हा रोजचा धोका, म्हणून भाता बांबूच्या नळीचा आणि टोकं खाली. शिकारीचं मांस खाता येतं, जखमेभोवतीचं कापून टाकतात.

त्याच झाडाची साल कुटून कापड आणि पिशव्याही करतात. एकाच झाडातून मरण आणि पांघरूण, दंतकथेला एवढं पुष्कळ आहे.

---

घाटमाथा

मंडळी, थक्क झालो. आतापर्यंतचे बदल: उंची पाच फूट, काजू गेला, जोडधनुष्य गेलं, माडाची मोजदाद ठेवणाऱ्या बाया आल्या, गवताची दोरी आली. झाडांवरची घरं मात्र सोडवत नाहीत. आणि तलवारीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणजे ती राहते ना?

---

जांभा

तलवार राहत नाही. :)

जांभ्या दगडाच्या मुलखात लोखंड आहे. महाबळेश्वराकडे धावड लोक अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत ते गाळत होते. पण एक किलो कामाचं लोखंड मिळवायला साध्या भट्टीत दहा किलोच्या आसपास कोळसा जातो, आणि त्या कोळशाला पन्नास किलोंहून जास्त लाकूड. एका तलवारीला किलोभर लोखंड. चार हजारांत आठशे योद्धे धरले तर आठशे तलवारी म्हणजे चाळीस हजार किलो लाकूड आणि दिवसेंदिवस दिसणारा धूर. लपून राहणाऱ्या जमातीला हे परवडत नाही. आणि गचपणात तलवार फिरवायची कुठे? वेलीत अडकेल.

कोयता द्या. कमरेच्या आकडीत मागे लटकवलेला, वीतभर पात्याचा, पुढे वाकलेला. बांबू तोडायला, वाट काढायला, शिकार सोलायला आणि वेळ आली तर माणसावर. बाणाची टोकं बांबूची ठेवा, आगीवर शेकून कडक केलेली. लोखंडी टोकं फक्त रानडुकरासाठी, आणि ती मोजून परत आणायची.

लोखंडापेक्षा मोठी गरज मिठाची. वनस्पतीत पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. झाडाची राख गाळून खारट चव मिळते, पण त्यातही मुख्यतः पोटॅशियमच. न्यू गिनीच्या डोंगरातले बारुया लोक पूर्वी असं राखेचं मीठ करत आणि त्याच्या लाद्या चलन म्हणून वापरत. दमट हवेत राबणाऱ्या, नाचणी आणि कंद खाणाऱ्या माणसाला समुद्राचं मीठ हवंच. मिठागरं खाली खाडीकाठी, बाजार घाटावर, आणि मधल्या वाटा रायवळांच्या रानातून. लमाणांचे बैल गोणी घेऊन वर चढणार.

म्हणजे लढाईचं कारण सापडलं. बारमाही युद्ध नको. पाऊस थांबून वाट मोकळी झाली की, दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंत, तांड्यांकडून गोणीमागे मूठभर मीठ वसूल करायचं. देणाऱ्याला वाट दाखवायची, नाकारणाऱ्याला झरोक्यांतून बाण.

---

पाणकावळा

झाडांवरच्या घरांबद्दल. पापुआतले कोरोवाई बांधतात, पण बरीचशी घरं आठ-बारा मीटरवर. शंभर फुटांवर वारा, वीज, आणि पाण्याचा हंडा वर नेणं! म्हातारी माणसं, बाळंतिणी वर कशा जाणार? आणि चूल कुठे? धुराशिवाय बांबूला भुंगा, धान्याला कीड आणि माणसांना डास.

राहायला जमिनीवरची झोपडी, कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, छप्पर गवताचं आणि उतार उभा. पाऊस सात हजार मिलिमीटर असेल तर छपराचा उतार पंचेचाळीस अंशांच्या खाली गेला की गवत कुजतं. झाडावर फक्त माच ठेवा, पहाऱ्याला. वाटेच्या दोन्ही अंगांना, एकमेकांना दिसतील अशा.

कारवीचीही एक गंमत वापरा: ती आठ वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ अशी फुलली. वयं कारवीत मोजा. ‘दोन कारव्यांचा मुलगा’ म्हणजे सोळा वर्षांचा. धागाकर्त्यांचं सोळावं वर्षही जागेवर राहतं.

---

बोरूबहाद्दर

दोन कारव्यांचा मुलगा! या एका शब्दासाठी पाच फुटी नायक मान्य. :)

---

अळीमिळी

अंधारात दिसणाऱ्या डोळ्यांबद्दल राहून गेलं. मांजराचे, बिबट्याचे डोळे चमकतात कारण दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. माकडं आणि माणसं यांच्या वंशात तो नाही. त्याच रानातल्या लाजवंतीला (रात्री हिंडणारा, माकडांचा लांबचा नातेवाईक असलेला छोटा प्राणी) आहे. हजार-दोन हजार वर्षांत तो माणसात उगवणार नाही. हिरव्या डोळ्यांचाही उपयोग नाही, फिक्या बुबुळातून उलट जास्त प्रकाश विखुरतो.

सवयीने मात्र पुष्कळ साधतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि एका मशालीने तो सराव जातो. म्हणून रात्रीच्या टोळीत आग नाही, आणि शत्रूच्या शेकोटीकडे थेट पाहायचं नाही. पावसाळ्यात त्या पट्ट्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी येते. ती लाकडं वाटेच्या कडेला ठेवली की सरावलेल्या डोळ्याला वाट दिसते, मशालवाल्याला नाही.

आणि नाकाला काम द्या. मलायातल्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत, आपण लाल-पिवळा म्हणतो तितके सहज. रायवळांच्या भाषेत गोचिडीच्या रानाचा वास, डुकराच्या लोळणीचा वास, परक्याच्या तेलाचा वास यांना एकेक शब्द हवा. दिशाही उजवी-डावी नको, ओढ्याची वरली-खालली. ‘बाण खालल्या हाताला लागला’ असं बोलतील.

---

गवतफूल

एक मूलभूत शंका. लढवय्ये असायलाच हवेत का? मलायातले बाटेक, सेमाई भांडण टाळतात, तिथून उठून जातात. रानात पळायला जागा असते.

---

नाचणी

शंका योग्य आहे. नुसते शिकारी असते तर निघून गेले असते. कुमरी, राखलेले भेरली माड आणि कणगीतली नाचणी असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. राखायला काही असलं की राखणारे तयार होतात.

पण आकडे बघा. चार हजारांत सोळा ते चाळीस वयाचे पुरुष आठशेच्या आसपास. रान तोडायचं माघात, जाळायचं वैशाखात. नेमका तोच मिठाच्या वाटेचाही हंगाम. एका वेळी दोनशेहून जास्त माणसं वाटेवर राहिली तर कुमरी मागे पडते. बायकांना धनुष्य द्या. फिलिपाइन्सच्या आग्ता बायका धनुष्य आणि कुत्रे घेऊन शिकार करतात, लेकुरवाळ्यासुद्धा.

---

वैद्यबोध

लग्नाचे नियमही यात बांधा. सगळे आपसांत लग्न करायला लागले तर सिकलसेलचे आजारी वाढतील. गोंडांमध्ये कुळं चार, पाच, सहा, सात देवांची असतात आणि एकाच देवसंख्येत लग्न होत नाही. रायवळांची कुळं ओढ्यांवरून असू द्या. आपल्या ओढ्यातली मुलगी करायची नाही. मग प्रत्येक योद्ध्याचा मामा दुसऱ्या ओढ्यावरचा, आणि दोन ओढ्यांत भांडण पेटलं की मध्यस्थ मामाच. भेटायची जागा देवराई, जिथली वाळकी काटकीही उचलायची नाही आणि हत्यार बाहेर टांगून जायचं.

---

शेकरू

आता माझ्याकडून थोडं मोठं. मूळ प्रश्न ‘लढाई पटते का’ हा होता. मिठाची वाट ठीक, पण तो दरवर्षीचा व्यवहार झाला. कथेला सगळी घडी मोडणारं वर्ष लागतं. ते बांबूत आहे.

मिझोराममध्ये मौटक बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो. १९५८-५९ साली फुलला. बियांवर उंदीर बेसुमार वाढले, बी संपल्यावर शेतांत घुसले, दुष्काळ पडला. मदत वेळेवर आली नाही या रागातून दुष्काळनिवारणाची संघटना राजकीय झाली आणि १९६६ साली तिथे उठाव झाला. पुढचा फुलोरा २००६-०७ साली आला.

सह्याद्रीतला कळकही चाळीसेक वर्षांनी असा एकदम फुलून मरतो. तुमच्या जमातीत मागचा फुलोरा पाहिलेली माणसं म्हणजे फक्त त्या माडमोजणाऱ्या बाया. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट: फुललेलं बेट मरतं. नव्या रोपांना कामठ्याजोगा जाड बांबू यायला आठ-दहा वर्षं जातात. म्हणजे भूक आली त्याच वर्षी धनुष्याचा मालही संपला. तीरकमठांनी सांगितलेले चुलीवरच्या धुरातले तुकडे, तेवढाच साठा.

---

तीरकमठा

+१. आणि मेलेल्या बेटातला उभा वाळलेला बांबू धनुष्याला चालत नाही, हे तरुणांना पटणार नाही. तोडतील, घडवतील, ओढतील आणि पहिल्याच लढाईत धनुष्यं फुटतील. सालीचे धागे वाळून ठिसूळ झालेले असतात.

---

घाटमाथा

ठरलं. कथा कळकाच्या फुलोऱ्यापासून सुरू. दोन कारव्यांची मुलगी, आजी माडमोजणारी. एकच विचारतो: उंदीर आधी कुठे शिरतील? आणि आजी काय करायला सांगेल?

---

नाचणी

बी गळत असतं तोवर ते बेटातच राहतात आणि वाढतात. लोक तेव्हा खूश असतात, कारण कळकाचं बी माणसंही भातासारखं शिजवून खातात. पाऊस पडून उरलेलं बी रुजलं की उंदरांचं खाणं झपाट्याने संपतं. तेव्हा ते कुमरीत उतरतात. नाचणी निसवायच्या बेताला असते. रात्रीत ताटं बुडाशी कुरतडून आडवी पाडतात, कणीस खातात आणि उरलेलं तसंच टाकतात.

आजी तीन कामं लावेल. बी गळायला लागल्याबरोबर सगळ्यांनी ते गोळा करायचं, उंदरांआधी. त्या साली नाचणीबरोबर सुरण आणि कोनफळ जास्त लावायचं, खोल, कारण जमिनीतलं उंदीर उशिरा उकरतात. आणि कणग्या जमिनीवरून उचलून चार खांबांवर. खांब कमरेहून उंच, आणि कणगीच्या बुडाशी प्रत्येक खांबात गोल फळी बसवायची, ताटाएवढी, खालून गुळगुळीत घासलेली. उंदीर खांबावर चढतो पण फळीच्या खालून उलटा जाऊ शकत नाही. शिडी लावून ठेवायची नाही, रोज काढून आडवी टाकायची. एका घरात शिडी विसरली गेली की पूर्ण कणगी गेली.